अर्ध्या पानावरून

काशीत कोणी न मागता मदत करू लागलं की मी आधी खिसा चाचपतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या मराठी घरात ही सवय लागतेच, त्यात माझी नोकरी बँकेतली. म्हणून मुन्शी घाटावर एक अनोळखी बाई माझ्या मुलीशी रोज बोलू लागल्या, तेव्हा मी जवळच उभा राहत असे. अमरावतीकडच्या, महिनाभर काशीवासाला आलेल्या. एकदा म्हणाल्या, "काय पाहून राहिले भाऊ? पळवून नाही नेत पोरीले."

मुलीला लहानपणापासून शरीराच्या आतलं काही कळत नाही. भूक, तहान, ताप, दुखणं, काहीच नाही. कान वाहून उशी भिजली, तेव्हा कुठे कान पिकल्याचं आम्हाला समजलं होतं. डॉक्टर म्हणाले, हे हळूहळू शिकवावं लागेल. कसं, ते आम्हाला साधत नव्हतं.

मुलीशी बोलताना हे ओळखून बाईंनी सांगितलेला उपाय मला विचित्र वाटला. जेवणाआधी मी तळहातावरचं पाणी पिऊन आपोशन घेतो आणि 'प्राणाय स्वाहा'पासूनचे मंत्र म्हणत भाताचे पाच लहान घास न चावता गिळतो. तेच मुलीने करावं. दर घासाला थांबावं, तो कुठवर उतरला, गरम की गार, तिथे हात ठेवून सांगावं.

"मुली कुठे घेतात हे?" मी विचारलं.

"काहून, त्यायले पोट नसते?"

आता दक्षिणा मागतील, म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी मागितली नाही, तेव्हा संशय वाढलाच. मुलगी मात्र माझ्याशेजारी पाटावर बसू लागली. "कुठेच नाही," म्हणायची. मग एकदा म्हणाली, "छातीच्या खाली. गरम."

बाई गावी परतल्या. नंतरच्या एका रविवारी दुसऱ्याच घासाला मुलगी थांबली. बेंबीच्या उजवीकडे हात ठेवून म्हणाली, "बाबा, यहाँ खिंच रहा है."

दुसऱ्या दिवशी गणिताची परीक्षा होती. बायकोने तिला थर्मामीटर लावला, ताप नव्हता. मला तो बहाणा वाटला. शिवाय आपोशन घेतल्यावर जेवण संपेपर्यंत उठायचं नाही, हा घरचा नियम मी तापातही पाळलेला. 'जेवून बघू' असं म्हणणार, तोच माझा हात पानावर थांबला. का, ते सांगता येत नाही. मी तसाच उठलो आणि तिला दवाखान्यात नेलं.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं.

बाईंना कोणी पाठवलं, योगायोग किती, याचा हिशोब मी बरेच दिवस मांडला. तो जुळत नाही, आणि आता जुळवायची इच्छाही नाही. जो आत बसून सांगत असतो त्याच्यावर सोपवावं, एवढंच मला उमगलं.

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताच ती म्हणाली, "बाबा, पानी. गला सूख रहा है." आजवर तिने पाणी कधीच मागितलं नव्हतं. प्यायला द्यायची मुभा अजून नव्हती. मी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला आणि मनात विश्वनाथाला हात जोडले.