मुखपृष्ठावरची मोकळी जागा

दोन हजार पंचवीस साल, माझं वय सत्त्याहत्तर. लोहारा गावात एसटी स्टँडसमोर माझं पाट्या रंगवायचं दुकान. फ्लेक्स आल्यापासून नुसतं शटर आहे आणि त्याच्यापुढं मी बसतो. समोरच्या चहावाल्यानं रस्त्यापलीकडूनच सांगितलं, "पेंटर, कलशेट्टी बाई गेल्या की हो पहाटं." मी म्हणलं, "काहीबी बोलू नको." त्यानं हातातली किटली खाली ठेवली... तेव्हा खरं वाटलं.

बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मी तिसरी नापास. अक्षरं झोकात काढायचो, वाचताना मात्र अडखळायचो, आणि ते कुणाला कळू दिलं न्हाय. आसपासच्या गावांत माझ्या हातासारखा हात नव्हता, हे आजही सांगतो. सदतीस वर्षांमागं एका दुपारी बाई दुकानावर आल्या. शाळेचा अंक निघणार होता, ‘उगवण’ नावाचा. "मुखपृष्ठ तुमच्याच हातचं पाहिजे, मामा," म्हणाल्या.

दोन दिवस दुसरं काम घेतलं न्हाय. लाल अक्षरं, पिवळी सावली, चारी बाजूंनी वेलबुट्टी, ट्रकच्या पाठीवर असते तशी. कागद भिंतीला टेकवला आणि रस्ता ओलांडून पलीकडून बघितला. पाटी आम्ही तशीच तपासतो. झकास दिसत होता.

बाईंनी तो हातात घेतला, हात लांब करून बघितला. मग म्हणाल्या, "मामा, हे हातात धरून बघायचं असतंय. धावत्या एसटीतून न्हाय."

लई राग आला. "माझ्या कामाला नाव ठेवणारा अजून जन्मायचाय. न्या, न्हायतर टाका."

बाई गेल्या न्हाईत. रंगाचा डबा पालथा घालून त्यावर बसल्या आणि कागद माझ्या नाकापुढं धरला. नुसता लाल भडका दिसला. तेव्हा उमगलं, हातात पुस्तक धरायची सवयच मला नव्हती... बाईंनाही उमगलं असावं, पण त्या तसं बोलल्या न्हाईत. काळ्या कागदाची अक्षरं कातरून पांढऱ्या कागदावर ठेवली आणि म्हणाल्या, "सरकवा. बरं वाटंल तिथं थांबा." सगळी दुपार त्यात गेली. शेवटी वर बारीक अक्षरांत नाव, खाली तुरीचं दोन पानांचं रोप, आणि मधला सगळा कागद कोरा.

"एवढी जागा वाया?"

"पाटीवर सोडली तर गिऱ्हाईक भांडतंय. इथं सोडा मामा, कुणी भांडत न्हाय."

भांडण झालंच, पण जागेवरून न्हाय. पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असतं. सवयीनं मी ते इथंही घातलं होतं. हेडमास्तर म्हणाले, "शाळेच्या अंकावर तिसरी नापास माणसाचं नाव? खोडा ते." मी त्यांच्या हापिसाच्या दारातच उभा होतो. बाईंनी कागद पाठीमागं धरला. "सर, हात त्यांचा, तर नावही त्यांचंच. खोडायचं असंल तर आत संपादक म्हणून माझं आहे, तेही खोडा."

नाव राहिलं. अंक छापून आला तेव्हा बाईंनी माझी प्रत दोन्ही हातांनी दिली, साहेबाला देतात तशी. त्यातलं पहिलं पान बोट ठेवून वाचायला मला आठ दिवस लागले. पुढं दर वर्षी त्या अंक आणून देत गेल्या आणि मी वाचत गेलो. आज पेपर वाचतो, हे चार शब्द लिहितो, ते त्यांच्यामुळं. पण हे त्यांना तोंडावर कधी सांगितलं न्हाय. हेका माझा, दुसरं काय...

शोकसभेला गेलो. पुढं फ्लेक्स लावलेला. मधी बाई आणि भोवती वीसेक पुढाऱ्यांचे फोटो. बोटभर जागा रिकामी न्हाय. बाईंचं नाव हुडकावं लागलं. तसाच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर केलं. एक जुनी पाटी घासली, पांढऱ्या रंगाचा हात दिला, सुकू दिली. वर बारीक अक्षरांत बाईंचं नाव लिहिलं. बाकी कोरी सोडली. कोपऱ्यात माझं नाव घातलं. घातलं नसतं तर बाई रागावल्या असत्या. पाटी दारावर टांगली.

चहावाला पलीकडून ओरडला, "पेंटर, इथनं वाचायला येईना की!"

"मग जवळ ये," म्हणलं.