बास म्हणायचं राहून गेलं

या सदराखाली सगळ्यात तिरकस कॉमेंट्स कोणाच्या असतात, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. माझ्या. कोणी लिहिलं की विहिरीच्या काठावर बाई दिसली, की खाली माझा एकच शब्द... पुरावा? काही जणांनी मला ब्लॉक केलंय. त्यांच्या जागी मी असते तर मीही केलं असतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. मिरजेत बाबांचा छोटा छापखाना होता. पोटासाठी लग्नपत्रिका आणि बिलबुकं, आणि उरलेल्या कागदावर पत्रकं. 'अंगात येतं ते दुखणं, देव नव्हे.' 'करणी कोणी करत नाही, कारण शोधा.' आठव्या वर्षी मी जत्रेच्या तोंडाशी उभी राहून ती वाटलीत आणि एका बाईची थप्पडही खाल्लीय. रडत बाबांकडे गेले तर म्हणाले, "तिला अजून एक दे." पत्रक, म्हणजे.

तर भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. आजही 'आहे' असं म्हणवत नाही. पण मागच्या उन्हाळ्यात जे झालं ते गाळून बाकीच्यांना पुरावा मागत राहणं हा अप्रामाणिकपणा होईल. म्हणून लिहिते.

आम्ही टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहतो. मी आणि माझा नवरा तन्मय. तो नागपूरचा, मोठ्या गाड्यांचं भारी वेड. दोन वर्षांपूर्वी त्याने जुना कॅम्पिंग ट्रेलर घेतला. आत एक बेड, एक बाक ओढून होणारा दुसरा बेड, दोन बर्नरची शेगडी. आमच्या पिकअपमागे जोडायचा आणि निघायचं. मागच्या जूनमध्ये बाबा इथे आले होते. वय एकाहत्तर, दोन्ही कानांना मशीन. आई जाऊन वर्ष झालं होतं, घरात बसून नुसते भिंतीकडे बघायचे. तन्मय म्हणाला, "बाबा, चला यार, तुम्हाला रॉकीज दाखवतो." बाबा म्हणाले, "जावईबापूंनी यार म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं?"

तीन आठवड्यांचा बेत होता. न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, वायोमिंग आणि परत.

ज्यांनी ट्रेलर रिव्हर्स घेतलाय त्यांना माहीत आहे... नवरा-बायकोचं नातं तिथेच कळतं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि ट्रेलरच्या बरोब्बर मागे काय आहे ते कुठल्याच आरशात दिसत नाही. म्हणून आम्ही दोन वॉकीटॉकी घेतले होते. एक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मी मागे उभी राहून सांगायची. आणि सांगायची कसं, तर मिरजेत कागदाचा टेम्पो आमच्या बोळात मागे घेताना बाबा ओरडायचे तसं. येऊ दे, येऊ दे... ये, ये, ये... बास! आणि बास म्हणताना गाडीच्या पत्र्यावर दोन थापा. बाबांचा नियम होता, 'ये' म्हणणाऱ्याने 'बास' म्हटल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. त्यांच्या एका हमालाचा पाय असाच गेला होता.

चौथ्या दिवशी आम्ही न्यू मेक्सिकोच्या पूर्व भागात एका लहान कॅम्पग्राउंडवर पोचलो. संध्याकाळचे पाच, ऊन लख्ख. बारा साइट्स, म्हणजे ट्रेलर लावायच्या जागा, आणि आमच्याशिवाय कोणी नाही. आमच्या साइटच्या मागे काटेरी तारेचं कुंपण आणि त्यापलीकडे नुसतं वाळलेलं गवत, नजर जाईल तिथपर्यंत. घर नाही, गुरं नाहीत, झाड नाही. बाबा बाजूला घडीच्या खुर्चीत बसले होते. मी कुंपणाला पाठ लावून बटण दाबलं.

"येऊ दे, येऊ दे. ये, ये... अरे घाबरतोस काय, ये बिनधास्त! कोणी नाहीये मागं."

तेवढ्यात चपलेतून काटा घुसला. तिथल्या गवतात गोखरूसारखे काटे असतात. मी बटण सोडलं आणि एका पायावर नाचत बाजूला झाले. ट्रेलरची चाकं आपोआप साइटच्या टोकाला आडव्या टाकलेल्या ओंडक्याला टेकून थांबली.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "मुक्ते, बास कोण म्हणणार?"

"ओंडका म्हणाला की!"

हसलो आम्ही. तिघंही.

दोन दिवसांनी कोलोरॅडोमध्ये ट्रेलर लावून झाल्यावर तन्मय खाली उतरला आणि चिडून म्हणाला, "बास म्हणून झाल्यावर परत येऊ दे काय म्हणतेस? थांबलो नसतो तर झाडावर गेलो असतो ना!"

"मी नाही म्हटलं."

"अगं तुझाच आवाज होता."

मी त्याला समजावलं. स्वस्तातले सेट आहेत, सिग्नल उशिरा पोचला असेल. वाद तिथे संपला. मला माझं स्पष्टीकरण आवडलंसुद्धा.

पण नंतर मी स्वतः ऐकलं. भर दुपारी एक वाजता, हायवेच्या रेस्ट एरियात. तन्मय बाथरूमला गेला होता, त्याचा सेट माझ्यासमोर डॅशबोर्डवर, बंद. माझा सेट मांडीवर. मागे बाबा डुलक्या घेत होते. खरखर झाली आणि माझ्या मांडीवरून माझा आवाज आला. हळू, लाडात, लहान मुलाला किंवा कुत्र्याच्या पिल्लाला बोलवावं तसा... "ये, ये... कोणी नाहीये मागं."

हातातली पाण्याची बाटली सांडली. मान वळवून ट्रेलरकडे बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. मी समोरच्या काचेकडे बघत तन्मय येईपर्यंत तशीच बसले. एम.एस्सी. झालेली, पत्रकं लिहिणारी मी.

त्याला सांगितल्यावर त्याने दोन्ही सेट उलटसुलट करून बघितले. मग म्हणाला, "कोणीतरी आपलं बोलणं रेकॉर्ड करून त्याच चॅनलवर वाजवतंय. टवाळ पोरं असतात."

"तीन दिवस? सहाशे मैल मागे मागे?"

"मग तू सांग."

मी माझ्या सेटच्या बॅटरी काढल्या आणि सेट ट्रेलरच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तन्मयने हट्टाने स्वतःचा चालू ठेवला, परत वाजला तर फोनवर रेकॉर्ड करून पकडायचं म्हणून. बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. म्हणजे... मी सांगू दिलं नाही. त्यांच्यासमोर ते वाक्य उच्चारायची मला लाज वाटत होती. ही लाज मी आयुष्यभर विसरणार नाही, कारण सांगितलं असतं तर ते सावध राहिले असते.

वायोमिंग. सकाळचे अकरा. कॉटनवुडच्या झाडाची सावली सरकली तशी ट्रेलर थोडा मागे घ्यायचं ठरलं. साइटच्या मागच्या टोकाला सिमेंटचं पक्कं टेबल होतं. मी तन्मयला म्हटलं, "पाणी भरून आणते, मग हलवू. तोपर्यंत हात लावू नकोस." बाबा झाडाखाली पुस्तक वाचत होते. वाऱ्याने कानात घोंगावतं म्हणून मशीनं काढून डबीत ठेवली होती. मशीन नसताना त्यांना शेजारी कुकरची शिट्टी झालेली कळत नाही.

नळ शंभरेक पावलांवर होता. कॅन अर्धा भरला असेल, सहज वळून बघितलं, तर खुर्ची रिकामी. पुस्तक जमिनीवर उलटं पडलेलं. आणि बाबा ट्रेलरच्या बरोब्बर मागे, टेबल आणि ट्रेलर यांच्या मधल्या जागेत उभे. तोंड ट्रेलरकडे. कोणी हाक मारल्यावर माणूस 'काय गं' म्हणून मान थोडी पुढे काढतो ना, तशी मान. एक एक पाऊल पुढे टाकत होते.

आणि ट्रेलर मागे यायला लागला.

मी धावले. ओरडत होते, पण वारा समोरून होता आणि पलीकडच्या साइटवर जनरेटर चालू होता. तन्मयच्या खिडकीतून त्याचा हात बाहेर दिसत होता, अगदी निवांत. मी जवळ पोचले तेव्हा उघड्या खिडकीतून मला माझा आवाज ऐकू आला. मी धापा टाकतेय, माझ्या तोंडातून शब्द फुटत नाहीये... आणि पिकअपच्या आत मी शांतपणे म्हणतेय, "येऊ दे, येऊ दे. ये बिनधास्त."

"बास! बास! बास!" मी ट्रेलरच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. तळहात फुटला, ते नंतर कळलं.

ट्रेलर थांबला. मागे सरकत सरकत बाबांची पाठ टेबलाला टेकली होती आणि ट्रेलरचा मागचा बंपर त्यांच्या पोटापासून वीतभर लांब होता. मी त्यांना बाजूला ओढलं. तन्मय पांढराफटक होऊन खाली उतरला. त्याच्या हातात तो सेट होता.

"तू... तू इथे कशी? मला वाटलं, तुझा सेट बॅटरी घालून बरोबर नेलास. तूच तर म्हणालीस ना आत्ता, पाणी भरून झालं, चल येऊ दे..."

मी बोलायच्या आत सेट खरखरला. माझ्याच आवाजात, नवीन शब्द तोंडात घोळवून बघावा तसं, कोणीतरी म्हणालं, "बास?"

तन्मयने सेट फेकून दिला. तो त्या टेबलाच्या कोपऱ्यावर फुटला. मी ट्रेलरमध्ये जाऊन ड्रॉवर उघडला. माझा सेट तिथेच, पाठीमागचं झाकण उघडं, बॅटरी नाहीत. मशीनांची डबी बाबांच्या उशाशी, दोन्ही मशीनं आत.

तासाभराने बाबांना चहा दिला, मशीनं लावायला लावली आणि मग विचारलं, "तुम्ही तिथे का गेलात?"

"तू बोलावलंस म्हणून."

"तुमच्या कानात मशीन नव्हतं, बाबा."

त्यांचा हात कानाकडे गेला.

"स्पष्ट आलं ऐकू. तुझाच आवाज. आणि मुक्ते... तू मला 'ये' म्हणालीस."

मी बाबांना आयुष्यात कधी 'ये' म्हटलेलं नाही. आमच्या घरात वडिलांना 'तुम्ही'. आई त्यांना 'अहो' म्हणायची.

"मला 'ये' म्हणणारं आता कोणी उरलेलं नाही," बाबा म्हणाले. "म्हणून तर उठलो. म्हटलं, पोरगी अशी का बोलतेय, बघावं."

आम्ही तिथूनच परत फिरलो. ट्रेलर एकदाही रिव्हर्स घेतला नाही. ज्या साइटला समोरून शिरून समोरून बाहेर पडता येतं, तिथेच थांबायचो. घरी आल्यावर तन्मयने तो आठवड्याभरात विकला. घेणाऱ्या माणसाला काय सांगावं, यावर आमचं मोठं भांडण झालं आणि शेवटी काहीच सांगितलं नाही. तीही चूक माझ्याच खाती जमा आहे.

कारणं मी शोधली. उष्मा, थकवा, टवाळ पोरं, बहिऱ्या कानात होणारे भास. एकेकट्या गोष्टीला लावता येतात. पण बंद सेट, मशीनशिवायचे कान आणि तन्मयला कळलेलं 'पाणी भरून झालं'... हे तिन्ही एका कारणात बसत नाहीत. हे लिहू नये असं मला वाटत होतं. उद्या कोणी बुवा माझाच लेख नाचवेल. बाबाच म्हणाले, "निरीक्षण लपवणारा तो कसला आपला माणूस? लिही. आणि उत्तर नसेल तर नाही म्हणून लिही."

ऑगस्टमध्ये ते मिरजेला परत गेले. आता फोन केला की नुसत्या माझ्या 'हॅलो'ला ते उत्तर देत नाहीत. आधी म्हणतात, "तुम्ही म्हण." मी म्हणते, "बाबा, तुम्ही कसे आहात?" मग बोलतात. ज्याने चाळीस वर्षं लोकांना सांगितलं की घाबरू नका, त्या माणसाला माझ्या आवाजासाठी परवलीचा शब्द लागतो.

गेल्या रविवारी त्यांनी विचारलं, "काल दुपारी लँडलाइनवर फोन केला होतास का?"

"नाही, बाबा. काय म्हणत होतं?"

"एकच शब्द." "मी बास म्हटलं आणि ठेवला."

ज्यांना पुरावा हवाय त्यांनी जरूर मागा, मीही मागितला असता. माझ्याकडे नाही. स्पष्टीकरणही नाही. असतं, तर आधी त्याचं पत्रक काढलं असतं.