मी उसवलेला पदर

येवल्यात सगळे म्हणतात, डोक्याला मार लागला आणि माझ्या बायकोचा विणकामाचा माग सुटला. पाहुणे हळहळतात, मी मान हलवतो. ते खोटं आहे. माग मी सोडवला.

पहिल्या लॉकडाऊनमध्ये माळ्यावरचं रेशमाचं गाठोडं काढताना बायको शिडीवरून पडली. नाशिकला मेंदूचं ऑपरेशन झालं. कोरोनामुळे मला आत सोडत नव्हते. बारा दिवस ती अनोळखी माणसांत एकटी पडून होती. घरी आली तेव्हा अर्धं डोकं भादरलेलं. आरशात बघून म्हणाली, "अहो, आता माझी मुंज उरकून घ्या." शब्द अडखळत होते, डावा पाय ओढत होती, पण जीभ तीच होती.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "हातांना सवयीचं काम द्या. चुकल्या तरी टोकू नका."

सवयीचं काम म्हणजे पैठणी. साडीचं साधं अंग मी विणायचो, पदराची नक्षी तिची. दोन महिन्यांनी ती मागावर बसली. सकाळभर खपून बोटभर विणलं आणि जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

मी पाहिलं तर पोपटाची चोच चुकलेली. पेटीत नक्षीचा जुना आलेख होता. त्यात चोच सरळ, हिची खाली वळलेली. टोकायचं तर नव्हतं. म्हणून दुपारी ती झोपल्यावर मी शेवटचे धागे उसवले आणि आलेख बघून विणून ठेवले. मला वाटलं, मी तिला सांभाळून घेतोय.

पुढच्या पोपटालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. रोज ती मागासमोर आधी बराच वेळ नुसती बसू लागली. एकदा म्हणाली, "अहो, मी चोच खाली वळवली होती. चांगलं आठवतंय मला."

"तुला आठवतंय? परवा दूध गॅसवर ठेवून विसरलीस, ते आठवतंय का?"

दारात शेजारीण उभी होती. ती हसली. मीही हसलो. बायकोने हातातली रेशमाची कांडी खाली ठेवली, ती पुन्हा उचलली नाही.

आता ती सगळंच मला विचारते. मीठ टाकलं का, कडी लावली का, स्वतःची आंघोळ झाली का. कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटी जात नाही.

मागच्या दिवाळीत सुनेने लग्नातली पैठणी काढली. पदर हिनेच विणलेला, पडण्याच्या कितीतरी वर्षं आधी. प्रत्येक पोपटाची चोच खाली वळलेली. आलेख तिने केव्हाच मागे टाकला होता. जन्मभर शेजारी बसून विणलं, पण तिचा पदर मी एकदाही नीट पाहिला नव्हता.

तरी चोची मीच उसवल्या हे तिला सांगायला मला इतके महिने लागले. काल सांगितलं. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत ऐकत होती.

"पुरे. मला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलाल?"

मी सुनेची पैठणी आणून तिच्या मांडीवर पसरली. "बघ, ही चोच तुझीच."

तिने त्यावरून बोट फिरवलं. "ही तेव्हाची. तेव्हा डोकं शाबूत होतं माझं."

पैठणी घडी करून तिने बाजूला ठेवली. पुढ्यात नुसती टरफलं पडली होती.

"अहो, माझ्या शेंगा सोलून झाल्या का?"