तापवलेलं तेल

नरपडचा नारू काश्मीरला लष्करात होता, विमानांकडे. विमानं कसली, दोन माणसं बसतील एवढीच. पण थंडी अशी, की रात्रीत इंजिनातलं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं. म्हणून संध्याकाळी तेल डब्यात काढून ठेवायचं, पहाटे स्टोव्हवर तापवून परत ओतायचं, इंजिनावर रजई टाकून खालून गरम वारा सोडायचा आणि मगच पंखा फिरवायचा. गार तेलावर इंजिन फिरवलं की ते मेलंच म्हणून समज, हे उस्तादानं त्याच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. नारूनं वर्षानुवर्षं हेच केलं.

एकोणीसशे साठच्या सुमारास तो घरी आला. त्यानं आणि धाकट्या चंद्रानं मिळून बोटीला इंजिन बसवलं. आता डहाणूची थंडी ती काय! पण हिवाळाभर नारू रोज संध्याकाळी इंजिनाचं तेल काढून घरी आणायचा आणि पहाटे आईच्या चुलीवर तापवायचा. "इंजिन आहे का बाळंतीण रे, रोज गरम तेल लागतं ते?" चंद्रा चिडवायचा. नारू हसायचा, पण ऐकायचा नाही. हट्टी मेला.

त्या पौषात चुलता वारला. सुतक पडलं, भाऊबंदांच्या सगळ्या चुली विझल्या, बोट खाडीत उभी राहिली. चंद्रा आदल्या दिवशीच शिडाच्या होडीनं जाळी टाकायला गेलेला, त्याला काही पत्ताच नाही. सकाळी शेजारचा हाल्या धावत आला. चंद्राच्या होडीची डोलकाठी मोडली होती आणि वारा तिला खडकांकडे ढकलत होता.

नारूनं तेलाचा डबा उचलला. "आये, चूल पेटव."

"आज विस्तव नको रे," आई म्हणाली. "सुतक मोडलं तर ते चंद्रावरच येईल. वरच्या पाड्यात सुतक नाही, तिथं जा, पाया पडते तुझ्या."

डबा घेऊन तो वरच्या पाड्यात ओळखीच्या जमुनाकडे धावला. तिनं बिचारीनं भाताचं भांडं उतरवून चूल मोकळी करून दिली. तेल तापेपर्यंत तो तिथं उकिडवा बसून राहिला. खाडी गाठली तेव्हा ओहोटीनं बोट चिखलात बसली होती. सगळ्यांनी खांदा लावला, ती हलली नाही.

दुपारी चंद्राला खडकांतून उचलून आणलं.

आई कपाळ बडवून घेत नारूपुढे बसली. "मीच मारलं रे लेकराला. मीच चूल पेटवू दिली नाही."

नारूला रडू आवरत नव्हतं. त्यानं तिचे दोन्ही हात धरले.

"चुलीचं काही नाही, आये," तो म्हणाला. "इथल्या थंडीत गार तेलावरही चाललं असतं."