बदली खेळाडू

अन्वी, काल फोनवर तू तुझ्या आवडत्या बेसबॉल संघातल्या एका खेळाडूचा आकडा दाखवलास. "आजी, याच्या जागी कुणीही बदली खेळाडू आणला तर किती सामने कमी जिंकू, ते यावरून कळतं. याचा शून्य! काढा त्याला!"

"अगं, त्याच्या बायकोला तरी विचार," मी हसले. पण असा आकडा मांडायला माणसाला आधी मनातून वजा करावं लागतं, हे डोक्यातून जाईना.

आज आजोबांना सांभाळणारी बाई आली नाही. बदली बाई आली. माझ्या हातून घासही न घेणारे आजोबा तिच्याकडून वाटीभर मऊ भात जेवले. मग त्यांनी तिला माझ्या नावाने हाक मारली. ती गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मीच मान हलवली, तेव्हा ती "ओ" म्हणाली.