कोपरे सोडणारा टिलर

माती खणणाऱ्या टिलर यंत्राला पाती पुढे असावीत की मागे, या प्रश्नाने मागच्या दिवाळीआधी मला अगदी पछाडलं होतं.

मुळगावात आमच्या घरामागे भाजीची जागा आहे, आम्ही तिला पोरसू म्हणतो. पाऊस सरला की तिथे अळसांदे, तांबडी भाजी, मुळे, मिरच्या. आमचे हे आधी खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद पडली तेव्हा हा माणूस आता दिवसभर करणार काय, म्हणून मी धास्तावले होते. पण यांनी कुदळ उचलली आणि पोरसू असं आपलं करून टाकलं की चार मिरच्या तोडायच्या तरी मला विचारावं लागे! मग गेल्या पावसात यांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी खणायला साफ मनाई केली.

"यंदा पोरसू नको गो," हे म्हणाले आणि मागच्या पडवीतली आपली खुर्ची उचलून पुढे रस्त्याच्या बाजूला नेऊन ठेवली. तिथे बसून काय बघायचे देव जाणे. जेवायला हाक मारली तरी दोनदा मारावी लागे. मला ते बघवेना. म्हटलं, यंत्र आणीन, पण या माणसाला मागच्या दारी परत नेईन.

कोरगावला माझ्या भावाकडे पुढे पाती असलेला टिलर आहे. मी म्हटलं, मला चालवून बघायचाय.

"ताये, तो तुका ओढून न्हेतलो," भाऊ म्हणाला.

नेलंच! थेट दुधीच्या मांडवात. भाऊ पोट धरून हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण असं का झालं ते कळेपर्यंत मी काही तिथून हलले नाही. यंत्र बंद करून खाली वाकून बघितलं. पुढे जायचं कामही पातीच करतात, त्यामुळे माणसाने मागून सारखं आवरून धरायचं. छाती दुखलेल्या माणसाच्या हातात हे द्यायचं? अजिबात नाही.

मग आमच्या पोरसातलं एक ढेकूळ पिशवीत घालून मी डिचोलीच्या बाजारात गेले. खाणीचा लाल गाळ वर्षानुवर्षं वाहून येऊन आमची माती विटेसारखी झालीय. दुकानदाराच्या टेबलावर ढेकूळ ठेवलं. म्हटलं, "हिच्यात चालेल ते दाखवा."

त्याने मागे पाती असलेला टिलर पुढे ओढला. "वहिनी, हा चाकांवर आपसूक चालतो. माणसाने नुसतं मागून जायचं. आणि याची पाती उलटी फिरतात."

"बिघडलेला माल माझ्या गळ्यात मारताय होय?"

बिचारा टेबलाला धरून हसला. मग ढेकळावर बोटं फिरवून त्याने दाखवलं. चाकांच्याच दिशेने फिरणारी पाती कडक मातीवरून उड्या मारत पळतात, उलटी फिरणारी आत रुततात. मी त्याला तीनतीनदा दाखवायला लावलं. अहो, काय गंमत आहे ती! येताना रिक्षात मी एकटीच मांडीवर बोटं उलटीसुलटी फिरवत बसले होते.

टिलर घरी आला. सोबत आलेल्या दुकानदाराने शिकवल्यावर हे नाइलाजाने मागे उभे राहिले. यंत्र निघालं ते शहाण्यासारखं सरळ, हलक्या चालीने, आणि मागे लाल माती मोकळी होत गेली. मी तर टाळ्या वाजवल्या. यांनी एक फेरी मारली, दुसरी मारली आणि बटण बंद केलं.

"ह्याका माझी गरजच नाय," हे म्हणाले.

वजन, चाकं, पाती, सगळं सगळं विचारून घेतलं होतं मी, आणि हे एवढं राहिलं. ज्या गुणासाठी यंत्र निवडलं, तोच यांच्या जिव्हारी लागला होता. हे पुढच्या खुर्चीकडे वळलेसुद्धा. पण पोरसाच्या टोकाला थांबले. तिथे यंत्र वळताना कोपरा तसाच राहिला होता, घट्ट, न खणलेला. यांनी दुसरा बघितला. तोही तसाच.

"अगो, कोपऱ्यात जात नाय हा!" एवढा आनंद या माणसाच्या आवाजात मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

कुदळीकडे हात गेला तशी मी ओरडले. मग यांनी खुरपं घेतलं. तेवढं बसून, सावकाश चालेल, असं डॉक्टरांनीही नंतर सांगितलं. तेव्हापासून टिलर मधली जागा करतो आणि कोपरे हे करतात. त्या दिवशीच खुर्ची पुन्हा मागच्या पडवीत आली.

परवा इंजिनाचं तेल आणायला दुकानात गेले, तर दुकानदार म्हणाला, "वहिनी, पार कोपऱ्यापर्यंत जाणारं छोटं यंत्र आलंय. चालवून दाखवू?"

ते कसं चालतं ते बघायला माझे हात शिवशिवत होते.

"नको," मी म्हटलं. "आमच्या कोपऱ्यांना माणूस आहे."