कुलूपबंद गल्लीतली शेवंती

डिसेंबरच्या अखेरीस मी बीडला निघाले तेव्हा शेजारच्या बाईंनी विचारलं, "बीडला? कोणाचं लग्न आहे?" लग्न नव्हतं, कामही नव्हतं. दर हिवाळ्यात मी एखाद्या गावी जाते आणि तिथल्या रस्त्यांवर, कुंपणांवर, दारांत काय फुललं आहे ते बघते. आपल्याकडचा हिवाळा सौम्य. तो अंगाला जाणवतो त्यापेक्षा झाडांवर जास्त दिसतो. यंदा बीड जिल्हा निवडला, कारण माझी वसतिगृहातली मैत्रीण सुजाता नांदूरघाटला शिक्षिका आहे आणि कित्येक वर्षं बोलावते आहे.

बीडला उतरले तेव्हा दुपार कलली होती. दुभाजकातली कण्हेर धुळीनं करडी पडलेली, बोगनवेल मात्र त्याच धुळीत लालभडक. कचेऱ्यांच्या रस्त्याला बुचाची उंच झाडं आहेत. बहर ओसरत आला होता, तरी खाली लांब देठांच्या पांढऱ्या फुलांचा पातळ थर होता आणि रिक्षा त्यावरून जात होत्या. कोपऱ्यावर एक बाई ढाळे (घाट्यांसकट उपटलेली हरभऱ्याची झाडं) घेऊन बसल्या होत्या.

"फार कोवळे दिसतात," मी म्हटलं.

"कवळे हायत म्हणून तर गोड लागतेत. अजून पंधरा दिसानं या, मग दातानं फोडा."

मी उभ्याउभ्या सोलून खाल्ले. बोटांना हरभऱ्याची आंबट-खारट आंब लागली. बुचाकडे मान वर करून बघण्याच्या नादात माजलगावची गाडी माझ्यासमोरून निघून गेली आणि पुढच्या गाडीत उभं राहून जावं लागलं.

माजलगावच्या परिसरात हिवाळा म्हणजे ऊस. न तोडलेल्या फडांना रुपेरी तुरे आले होते आणि धरणाकडून येणाऱ्या वाऱ्यात ते सगळे एकाच बाजूला कलत होते. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली होती. वरून उसाचं पाचट गळायचं; रस्त्याकडेच्या बाभळी-लिंबांच्या खालच्या फांद्यांना ते अडकून लोंबत होतं, जणू झाडांनाच वाळकी पानं फुटली आहेत. दुसऱ्या दिवशी धारूरचा घाट चढले. उतारावरची सीताफळीची झाडं पिवळी पडली होती. संध्याकाळी नांदूरघाटच्या थांब्यावर सुजाता आणि तिचे यजमान भास्करराव उभे होते.

त्यांची गल्ली अरुंद आणि शांत आहे. मला आधी ती शांतताच जाणवली. मग दिसलं, निम्म्या घरांना कुलपं होती. "टोळीला गेलेत," सुजाता म्हणाली. टोळी म्हणजे ऊस तोडायला बाहेरच्या जिल्ह्यांत जाणारा गट. दिवाळी झाली की माणसं जातात, उन्हाळा लागला की परततात. पण कुलपं लावलेल्या दारांसमोर तुळस हिरवी होती. तेलाच्या जुन्या डब्यांत सदाफुली, कोरफड, एका दारात जास्वंद. कुठलीच कुंडी सुकलेली नव्हती.

"पाणी कोण घालतं?"

"आबा."

आबा समोरच्याच घरात राहतात. सत्तरीचे, उंच, किंचित वाकलेले. मुलगा दत्ता आणि सून टोळीला गेलेले. दोन्ही वेळची भाकरी सुजाताकडे. त्या रात्री ते जेवायला आले तेव्हा ज्वारीची भाकरी आणि ओल्या तुरीच्या सोल्यांची (कोवळ्या दाण्यांची) आमटी होती.

"पुण्याहून आलात व्हय? कावून?"

"झाडं बघायला."

त्यांना ते मुळीच चमत्कारिक वाटलं नाही. "मंग गल्लीतल्या कौसल्याची शेवंती बघा, ती बी टोळीला गेलीय. तिच्या अंगणात हाय, आतल्या बाजूला. लई कळ्या धरल्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उशिरा उठले. सुजाता शाळेला निघण्याच्या तयारीत होती, पण दारातच थांबली होती. आबा चहाला आले नव्हते. घराचं दार नुसतं लोटलेलं, आत कोणी नाही. भास्करराव थांब्यापर्यंत बघून आले. शेजारच्या एकानं मोटरसायकलवर शेताकडे चक्कर मारली. कोणी म्हणालं, देवळाकडं गेले असतील. कोणी म्हणालं, नदीकडं. सुजातानं शाळेत फोन करून उशीर होईल असं कळवलं आणि हातातली पिशवी कट्ट्यावर ठेवली.

मला त्या गल्लीची काहीच माहिती नव्हती. करण्यासारखंही काही नव्हतं. म्हणून मी जे नेहमी करते तेच करत होते. कुंड्या बघत होते. आबांच्या घराजवळच्या सगळ्या कुंड्यांची माती ओली होती. तुळशीखालच्या फरशीवर पाण्याचा डाग अजून वाळला नव्हता. मी पुढे गेले. जास्वंदीची माती ओली. त्यापुढच्या दाराची तुळसही ओली. त्यानंतरच्या डब्यातली सदाफुली मात्र कोरडी होती, आणि तिथून गल्लीच्या टोकापर्यंत सगळंच कोरडं.

मी सुजाताला हाक मारली. "शेवटची ओली कुंडी ही. हे घर कोणाचं?"

"कौसल्याचं," ती म्हणाली आणि धावलीच.

दाराला कुलूप होतं. अंगणाची भिंत पुरुषभर उंचीची, तिच्या एका बाजूला दगड निखळलेले. सुजातानं भिंतीला तोंड लावून हाक मारली, "आबा!" आतून काही आलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली. मग अगदी जवळून, भिंतीच्या पायाशी, कोणीतरी कण्हलं.

भास्करराव भिंत चढून आत उतरले. आबा बादलीशेजारी पडले होते, उजवा पाय अंगाखाली आलेला. थंडीनं ओठ निळे पडले होते. इतक्या वेळा गल्लीतून हाका गेल्या होत्या. त्यांनी ओ दिली होती, पण आवाज भिंतीबाहेर येत नव्हता. आता त्यांना भिंतीवरून काढणं शक्य नव्हतं. कुलूप तोडायला हवं होतं, आणि दुसऱ्याच्या घराचं कुलूप तोडायला कोणाचा हात उठेना. सुजातानं कौसल्याला फोन लावला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"कौसल्या, तुझ्या घराचं कुलूप तोडावं लागतंय गं. आबा आत पडलेत."

"आगं बाई! तोडा की बाई, इचारता काय! दार मोडा!"

दगडाच्या तिसऱ्या-चौथ्या घावाला कुलूप उघडलं. आबांना गोधडीत गुंडाळून बाजेवर घेतलं आणि चौघांनी ती बाज उचलून गल्लीबाहेर जीपपर्यंत नेली. मी मागून चपला घेऊन चालले होते. आबा सारखं एकच म्हणत होते, "दत्ताला सांगू नका. काम टाकून यील त्यो."

केजच्या दवाखान्यात नडगीचं हाड मोडल्याचं कळलं. प्लास्टर झालं. डॉक्टर म्हणाले, पाय सावकाश बरा होईल, पण या वयात आणखी काही तास थंडीत पडून राहिले असते तर वाचणं कठीण होतं. ते ऐकल्यावर सुजाता बाहेर गेली आणि तिनं दत्ताला फोन केला.

तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तिशीचा, उन्हानं रापलेला. हातांवर उसाच्या पात्यांनी कापल्याच्या बारीक रेघा. खाटेपाशी उभा राहून त्यानं वडिलांचा पाय पाहिला.

"कावून आलास?" आबा म्हणाले.

"तुमी भितीवर कावून चढलात ते सांगा आधी."

"कौसल्या सांगून गेलती. तेवढी शेवंती जगवा म्हनली. किल्ली तिनं चुकून सोबत नेली."

"दोन महिने भितीवरून जाताव?"

आबांनी पांघरूण छातीपर्यंत ओढलं. दत्ताला रागवायचं होतं, ते स्पष्ट दिसत होतं. त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग वाटीतला चहा फुंकून त्यांच्या तोंडाला लावला.

मी चार दिवसांसाठी गेले होते, आठवडाभर राहिले. सकाळी मी आणि सुजाता कुंड्यांना पाणी घालायचो. कौसल्याच्या दाराला भास्कररावांनी नवं कुलूप आणलं होतं. ते उघडून मी शेवंती पाहिली. अंगणाच्या कोपऱ्यात, पिवळी, भरगच्च. दत्ता आबांचे कपडे न्यायला घरी आला त्या सकाळी तो पिशवी हातात घेऊन गल्लीच्या मधोमध थांबला होता. एकेका दाराकडे बघत होता. मला वाटलं, काही विसरला असेल.

आबा घरी आले. चकलांब्याला दिलेली त्यांची लेक त्यांच्यापाशी राहायला आली. तेव्हा कुठे दत्ता परत निघाला. त्याचा फड सातारच्या बाजूला होता, म्हणून नगरपर्यंत आम्ही एकाच गाडीत होतो. निघताना आबा बाजेवरून त्याला म्हणाले होते, "नीट जा." त्यानं नुसती मान हलवली होती.

बीड सुटल्यावर त्यानं विचारलं, "ताई, तुमी खरंच झाडं बघायलाच आलतात?"

"हो. हिवाळ्यात तुमच्याकडं गल्लीगल्लीत काय असतं ते बघायला."

तो थोडा हसला. "मी बी आवंदाच बघितलं."

"म्हणजे?"

"आईच्या कडेवर होतो तवापासून दिवाळी झाली की आमी भायेर. फडावर, कोपीत (पाचटाच्या झोपडीत). शाळा बी तशीच सुटली. आमी यायचो तवा ऊन तापलेलं, समदं वाळलेलं. मला वाटायचं, आपलं गाव असंच असतंय." तो खिडकीबाहेर बघत होता. "थंडीत दारात इतकं हिरवं असतंय, बोरं लागतेत, कौसाकाकूच्या अंगणात ती एवढी फुलं... मला न्हवतं माहीत. बाप पडला म्हनून दिसलं."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी करडईची रानं चालली होती, काटेरी, निळसर हिरवी, अजून फुलं न आलेली. "ही कधी फुलती?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, महिन्याभरात. त्यानं मनाशी काहीतरी हिशेब केला असावा. "तवा आमी थितंच," तो म्हणाला.

नगरला तो उतरला. गर्दीत त्याची पिशवी थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली.

पुण्यात लोकांनी विचारलं, बीडला काय बघितलंस. मी बुचाचं सांगितलं, उसाच्या तुऱ्यांचं सांगितलं. दत्ताचं बोलणं कोणाला सांगितलं नाही. ते इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. मी हौसेनं तिकीट काढून ज्याच्या गल्लीतला हिवाळा पाहून आले, तो त्यानं एकतीस-बत्तीस वर्षांत एकदाच पाहिला होता, तोही दवाखान्याच्या धावपळीत, हातात बापाच्या कपड्यांची पिशवी घेऊन.